बालक हाच पहिला ग्रंथ

१९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झालेल्या ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केला. १९४५ मध्ये त्या बोर्डीस गेल्या. तेथे दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली; महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे आले. ‘अंगणवाडी’ जन्मली ती अशा निरीक्षणातून. शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत बालकेंद्री शिक्षणाच्या व्याख्यांना तोटा नाही. परंतु लालबाग-परळच्या चाळींतील किती तरी मुलांच्या हाती तिसऱ्याच वर्षी अक्षरे गिरविण्यासाठी पेन्सिल दिली जाते. पदव्युत्तर विद्यार्थ्याने आधी अशा मुलाशेजारी जमिनीवर बसावे, महिनाभर पाहावे आणि मगच लेखणी उचलावी. ताराबाईंच्या पदवीचे सार्थक असेच झाले होते.