चेन कधी बदलावी?

पालघर-बोईसर भागातून तारापूर एमआयडीसीत सायकलने पाळीवर जाणाऱ्या बांधवांनो, वाटेत चेन घसरली की गेटवर उशीर, आणि उशीर म्हणजे खाडा. म्हणून आमचे सांगणे, चेन आधीच मोजा.

चेन ताणत नाही, पिना झिजतात. खाऱ्या हवेत, पावसाळी चिखलात लवकरच. पोलादी पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. तिथून पुढची चोविसावी पिन नव्या चेनीत बरोबर १२ इंचांवर येते. दीड मिलिमीटर पुढे गेली तर चेन बदला. तीन मिलिमीटर गेली तर फ्रीव्हीलचे दातेही गेले समजा; मग खर्च वाढला! दुकानदार ‘अजून चालेल’ म्हणाला तरी पट्टीचेच ऐका.

बिनगिअरच्या सायकलीला रुंद चेन, गिअरवालीला अरुंद. नवी घेताना लांबी जुळवू नका, जुनी वाढलेली असते. कड्या मोजून तेवढ्याच ठेवा. जोडकडीच्या क्लिपचे बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवे. मुलीची शाळेची सायकलही त्याच रविवारी मोजून घ्या.