दादालोरांची खिडकी

गोंदिया जिल्ह्यात आमगावहून सालेकशाकडे निघालं की बराच वेळ दोन्ही अंगांना धानाच्या बांध्याच दिसतात. पुढे दरेकशापाशी डोंगर आडवा येतो. तिथून आत मुरकुटडोह, दंडारी, टेकाटोला अशी गावं आहेत. इथला माणूस रानातून चालत गेला तरी मध्य प्रदेशात किंवा छत्तीसगडात पोचतो. तहसील कचेरी मात्र त्याला लांब पडते. माओवाद्यांनी तीन राज्यांचा हाच सांधा धरून आपला 'एमएमसी' म्हणजे महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड झोन आखला होता.

या टापूत पिपरिया, बिजेपार अशी पोलिसांची सशस्त्र दूरक्षेत्रं आहेत. बोलण्यात त्यांना 'एओपी' म्हणतात. काटेरी तार, वाळूची पोती, मोर्च्यावर बंदूकधारी जवान. आणि याच आवारात 'पोलीस दादालोरा खिडकी' असते. तिथे जातीचा दाखला, आधार, आयुष्मान कार्ड अशा कामांचे अर्ज भरून मिळतात. गडचिरोली पोलिसांनी 2021 साली ही योजना सुरू केली, पुढे ती गोंदियातही आली.

नाव मोठं हुशारीनं निवडलं आहे. गोंडी-माडियात दादा म्हणजे थोरला भाऊ; दादालोरा म्हणजे दादा लोकांची. पण बस्तर-गडचिरोलीच्या जंगलात 'दादा लोक' म्हटलं की नक्षलवादी, हे सगळ्यांनाच ठाऊक. म्हणजे पोलिसांनी नुसती खिडकी उघडली नाही, समोरच्याचा शब्दही उचलला.

खिडकीच्या जोडीला जनजागरण मेळावे भरतात. शहरातल्या संस्थांनी, दानशूरांनी दिलेली ब्लँकेटं, साड्या, वह्या, सायकली, व्हॉलीबॉल आणि नेट गाडीतून येतं. उतरवायला जवानच. केंद्रीय दलांना अशा कामासाठी गृह मंत्रालयाकडून वेगळा निधीही मिळतो. जगात हे नवं नाही. अमेरिकी नौदलाच्या 'प्रोजेक्ट हँडक्लॅस्प'नं 1962 पासून देणगीचा माल, जहाजावर जागा असेल तसा, परदेशी बंदरांत पोचवला. तो वाटायला खलाशी आपणहून उतरत. आपल्या नौदलाचं 'केसरी' जहाज 2020 च्या मे महिन्यात 'मिशन सागर'मध्ये मालदीवला 580 टन धान्य-किराणा देऊन पुढे मॉरिशस, मादागास्करपर्यंत गेलं.

पण जहाज माल उतरवून निघून जातं. एओपी तिथेच राहते, आणि घेणाराही. ज्या काळात पोलिसांशी बोलल्याच्या संशयावरून माणसं खबरी ठरवून मारली गेली, त्या काळात पोलिसांच्या हातचं ब्लँकेट पांघरणं ही साधी गोष्ट नव्हती. देणाऱ्याचा फोटो निघे, घेणाऱ्याच्या मागे धोका लागे. फोटोंचं कौतुक मला म्हणूनच करवत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये एमएमसी झोनच्या 11 माओवाद्यांनी गोंदिया पोलिसांपुढे शस्त्रं ठेवली. त्यानंतर तरी घेणाऱ्याच्या मनावरचं ओझं हलकं व्हावं.

आमगावलगतचं पदमपूर हे भवभूतीचं गाव, असं इथले लोक अभिमानानं सांगतात. करुण रसाचा एवढा मोठा कवी शेजारचा, पण मला इथं करुणेपेक्षा कागद मोलाचा वाटतो. ब्लँकेट दोन हिवाळे टिकतं. जातीचा दाखला हाती आला की मुलीची शिष्यवृत्ती अडत नाही, वसतिगृहाचा अर्ज परत येत नाही. हा कागद काढायचा तर एरवी मजुरी बुडवून, गाडीभाडं भरून तालुक्याला खेटे घालायचे. तेवढ्यानंच कित्येकांनी तो काढलेला नसतो. खरं तर हे काम महसूल खात्याचं. ते पोलिसाच्या खिडकीतून व्हावं लागतं, यात पोलिसांचं श्रेय जेवढं, तेवढीच बाकीच्या कचेऱ्यांची नामुष्की.

या हिवाळ्यात काही पाठवायचं मनात असेल, तर आधी तिथल्या एओपीला विचारा काय हवं ते. कपाटातले नको झालेले कपडे तेवढे पाठवू नका.