‘ओरडली का नाही?’ हा प्रश्न कायद्याचा नाही

1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची फिर्याद झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना दोषी ठरवले, पण 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, महिला संघटना रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. 2013 मध्ये त्यात संमतीची सविस्तर व्याख्याही आली. लोकांच्या मनातले जुने समज मात्र अजून गेलेले नाहीत.

गैरसमज : प्रतिकार केला नाही, म्हणजे संमती होती.
वस्तुस्थिती : आता लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 नुसार संमती म्हणजे शब्दांतून, हावभावांतून किंवा अन्य प्रकारे दिलेला स्पष्ट, स्वेच्छेचा होकार. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून होकार गृहीत धरता येत नाही. भीतीने किंवा धमकीमुळे दिलेला होकार, नशेत भान हरपलेले असताना दिलेला होकार, यांना संमती म्हणत नाहीत.

गैरसमज : दोघांचे आधीपासून संबंध होते, मग तक्रार कसली?
वस्तुस्थिती : होकार त्या विशिष्ट कृतीसाठी असावा लागतो. कालचा होकार आज चालत नाही. संमतीचा वाद असेल तर स्त्रीचे चारित्र्य किंवा पूर्वीचे लैंगिक अनुभव गैरलागू ठरतात. हाच पूर्वानुभव तपासू पाहणारी ‘टू फिंगर टेस्ट’ करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल दोषी धरले जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावले.

गैरसमज : साक्षीदार नाही, तक्रारीला उशीर झाला, म्हणजे खटला संपला.
वस्तुस्थिती : पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते आणि उशिराचे कारण समजून घ्यावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या गुरमीत सिंग खटल्यात सांगितले. पण म्हणून आरोपी आपोआप दोषी ठरत नाही. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाचीच असते. अपवाद पोलीस कोठडीसारख्या गंभीर प्रकारांचा. तिथे संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे तिने न्यायालयात सांगितले, तर न्यायालय तसे गृहीत धरते.

गैरसमज : लग्नाचे वचन मोडले की बलात्कार.
वस्तुस्थिती : वचन मोडणे वेगळे आणि मुळातच खोटे वचन देणे वेगळे. हा फरक प्रमोद पवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य (2019) या निकालात स्पष्ट झाला. लग्नाचा इरादाच नसताना वचन देऊन संबंध ठेवणे हा आता न्याय संहितेच्या कलम 69 खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

गैरसमज : सतरा वर्षांची मुलगी स्वतःहून गेली, तर गुन्हा नाही.
वस्तुस्थिती : 18 वर्षांखालील व्यक्तीची संमती कायदा मानत नाही. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा मुलग्यांनाही तेच संरक्षण देतो.

गैरसमज : कायदा सर्व स्त्रियांना सारखाच लागू आहे.
वस्तुस्थिती : पत्नी 18 वर्षांहून मोठी असेल, तर पतीने केलेली सक्ती बलात्काराच्या व्याख्येत येत नाही. विभक्त राहणाऱ्या पत्नीवरील सक्ती हा मात्र वेगळा गुन्हा आहे. लैंगिक छळाविरुद्ध कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागता येते. 2022 मध्ये पतीला मिळणाऱ्या या अपवादावर दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. संमतीची इतकी नेटकी व्याख्या करणारा कायदा विवाहित स्त्रीच्या नकाराला अजून ते वजन देत नाही.