एक घन किलोमीटर समुद्रात अकरा किलो लोह

समुद्राच्या पाण्याचा एक ठोकळा कल्पून पाहा: एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच. वजन शंभर कोटी टनांच्या वर. त्यात मीठ साधारण साडेतीन कोटी टन. आणि विरघळलेलं लोह? किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्राच्या वरच्या थरातलं पाणी जमवून हा ठोकळा भरला, तर बऱ्याच ठिकाणी जेमतेम अकरा किलो.

आता जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरकडची एक हेक्टर काळी जमीन घ्या. वरचा फक्त एक सेंटिमीटरचा थर खरवडला तरी सुमारे 130 टन माती निघेल. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत सहा टक्के लोह धरलं, तर जवळपास आठ टन लोह झालं. समुद्राच्या तशा सातशे ठोकळ्यांत मिळून जेवढं विरघळलेलं लोह असतं, तेवढं एका हेक्टरच्या एका सेंटिमीटरात!

तरीही त्याच जमिनीत पिकाला लोह कमी पडतं, कोवळी पानं पिवळी पडतात, केवडा पडतो आणि शेतकऱ्याला फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, फवारावं लागतं. चुनखडीच्या जमिनीचा सामू आठच्या आसपास असतो. अशा ठिकाणी लोहाचा गंज होऊन तो मातीतच अडकून बसतो. समुद्राच्या वरच्या पाण्याचा सामूही 8.1 च्या आसपास. तिथेही तेच रसायन चालतं. पानाला जे हवं तेच समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाला हवं, आणि दोघांनाही ते विरघळलेल्या रूपातच लागतं.

मग ही माती समुद्राकडे नेणारी तापी काय करते? मुलताईहून निघून 724 किलोमीटर वाहणारी, 65 हजार चौरस किलोमीटरचं पाणी गोळा करणारी नदी गाळ भरभरून नेते. पण सुरतेपुढे गोडं पाणी खाऱ्याला भिडलं की नदीतल्या लोहाचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात आणि तळाला बसतात. जगभरातल्या खाड्यांमध्ये हेच दिसतं: विरघळलेल्या लोहाचा फार मोठा हिस्सा तिथेच गळतो. खोल समुद्रापर्यंत लोह पोचवण्याच्या कामी नदी फारशी येत नाही. त्यासाठी आकाशाचीच वाट धरावी लागते.

दरवर्षी जगातल्या वाळवंटांतून दोनशे कोटी टनांच्या घरात धूळ उडते. त्यातली सुमारे 45 कोटी टन समुद्रांत पडते, आणि तिच्यात दीड कोटी टनांहून जास्त लोह असतं. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने मुंबईतल्या गाड्या पांढुरक्या झाल्या होत्या, ती याच प्रवासातली एक खेप. मात्र कोरडी धूळ समुद्रावर पडली तर तिच्यातलं शेकडा एक-दोन भाग लोहच विरघळतं. उरलेलं तसंच बुडतं.

पाऊस इथे कामाला येतो. ढगातला थेंब मुळात किंचित आम्ल, सामू साडेपाचच्या आसपास. धुराची आम्लं मिसळली तर आणखी खाली. धुळीचा कण अशा थेंबात शिरला की त्याच्यावरचं लोह सुटायला लागतं, उन्हाने त्याला आणखी जोर येतो. कोळशाच्या धुरातलं लोह तर याहून सहज विरघळतं. (भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्राची धुराडी पाहताना मला हे आठवतं.)

समुद्रावरच्या पावसात लोहाचं प्रमाण ठिकाणानुसार खूप बदलतं. हिशेबापुरतं लिटरमागे 2.8 मायक्रोग्रॅम धरू. म्हणजे दोन मिलिमीटरच्या एका थेंबात लोहाचे बारा हजार कोटींहून जास्त अणू! आता जळगाव जिल्ह्याएवढ्या, म्हणजे 11,765 चौरस किलोमीटर समुद्रावर 100 मिलिमीटर पाऊस पाडू. पाणी झालं जवळपास 118 कोटी टन, म्हणजे हतनूर धरण तीनदा भरेल एवढं. त्यात लोह फक्त 3.3 टन. पण तिथल्या समुद्राच्या वरच्या वीस मीटर पाण्यात आधी होतं केवळ 2.6 टन! त्या एका पावसाने लोह दुपटीहून जास्त होतं. थोड्याच काळात बरंचसं कणांना चिकटून खाली जाईल हे खरं, पण शेवाळाला घाई असते. त्याच्या पेशीत कार्बनच्या लाखभर अणूंमागे लोहाचा एक अणू पुरतो. म्हणजे एक ग्रॅम लोहावर एकवीस किलो कार्बन. ते 3.3 टन लोह सगळं शेवाळाच्या वाट्याला आलं आणि इतर कशाची कमतरता नसली, तर सत्तर हजार टन कार्बनची वाढ होऊ शकेल.

'इतर कशाची कमतरता नसली तर' ही अट साधी नाही. 2009 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांसोबत दक्षिण अटलांटिकमध्ये सुमारे 300 चौरस किलोमीटर पाण्यात फेरस सल्फेट टाकलं. प्रयोगाचं नावच 'लोहाफेक्स'. शेवाळ वाढलं, पण तिथे सिलिका अपुरी असल्याने सिलिकेचं कवच बनवणारं डायटम जातीचं शेवाळ वाढलं नाही. जे वाढलं ते बारीक प्राण्यांनी खाल्लं, आणि खोलवर कार्बन फारसा गेला नाही. समुद्राला खत घालून हवामान सुधारू म्हणणाऱ्यांनी हा निकाल नीट वाचायला हवा.

शिवाय पाऊस एकटं लोह आणत नाही. हवेत जे असेल ते उतरतं: मँगनीज, जस्त, कोबाल्ट, तांबं. यातलं तांबं थोडं असेल तर पोषक, जास्त झालं तर काही शेवाळांना विष. शिसं मात्र कुणाच्याच उपयोगाचं नाही. विसाव्या शतकात पेट्रोलमधलं शिसं धुरातून ढगांत आणि ढगांतून भर समुद्रात पोचलं. भारताने 2000 साली तसं पेट्रोल बंद केलं. अमेरिका आणि युरोपातले बरेच देश त्याआधीच त्या वाटेला लागले होते. तिथे असं पेट्रोल कमी होत गेलं तसतसं उत्तर अटलांटिकच्या वरच्या पाण्यातलं शिसं घटत गेलं, आणि ते शास्त्रज्ञांनी जहाजावर बाटल्या भरून मोजलेलं आहे.