नर्गिसला डॉक्टर व्हायचे होते

सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात नवी बॅच आली की मुले-मुली आधी काही दिवस आश्रमात राहतात, सूत काततात, मग एखादे गाव दत्तक घेतात. यातल्या कुणाला नर्गिस कोण म्हणून विचारले, तर 'संजय दत्तची आई' एवढेच उत्तर यायचे. या मुलांसारखेच तिलाही लहानपणी डॉक्टर व्हायचे होते. रमजानच्या पानावर नटीची आठवण कशाला, असे कुणी म्हणेल. पण सेवेला आम्ही खिदमत म्हणतो, आणि त्या हिशेबात नर्गिसचे नाव बरेच वर लागते.

१ जून १९२९ रोजी कलकत्त्यात जन्मलेल्या या मुलीचे नाव फातिमा रशीद. वडील रावळपिंडीचे मोहनचंद उत्तमचंद, इस्लाम स्वीकारून ते अब्दुल रशीद झाले. आई जद्दनबाई नामांकित गायिका, नटी आणि सिनेमाला संगीत देणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या काही बायकांपैकी एक. आईच्याच 'तलाश-ए-हक'मध्ये (१९३५) सहा वर्षांची पोर 'बेबी नर्गिस' म्हणून पडद्यावर आली. १९४३ साली मेहबूब खान यांनी तिला 'तकदीर'ची नायिका केले, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. डॉक्टरकीचे तिथेच बारगळले.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. 'अंदाज', 'बरसात', 'आवारा', 'श्री ४२०'. राज कपूरसोबतच्या जोडीविषयी इतके लिहून झाले आहे की 'आवारा'तली तिची रीटा वकील होती, हेच लोक विसरतात. १९५१ साली नायिका काळा कोट घालून भर कोर्टात आरोपीची बाजू मांडते, ही लहान गोष्ट नव्हती.

पण नर्गिस म्हणजे 'मदर इंडिया'. मेहबूब खान यांनी आपल्याच 'औरत' (१९४०) या सिनेमाची कथा पुन्हा घेतली आणि नाव मुद्दाम हे ठेवले. कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईने १९२७ साली याच नावाच्या पुस्तकात हिंदुस्थानी समाजाची, विशेषतः इथल्या बायकांच्या जिण्याची नालस्ती केली होती. गांधीजींनी त्या पुस्तकाला गटार तपासणाऱ्याच्या अहवालाची उपमा दिली होती. मेहबूब यांनी तीस वर्षांनी तेच नाव एका शेतकरी बाईला दिले. नर्गिस तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. तिच्या पोराचे, बिरजूचे काम करणारा सुनील दत्त तिच्यापेक्षा अवघ्या पाच दिवसांनी लहान! तरी ती नवी नवरी ते पिकल्या केसांची म्हातारी अशी सगळी वये जगली. चिखलात नांगर ओढणारी राधा बघताना ही मुंबईची नटी आहे, हे ध्यानातही येत नाही. गुजरातेतल्या उमरा गावी चित्रीकरण चालू असताना गंजीची आग हाताबाहेर गेली, ती आत अडकली. सुनील दत्त आत शिरला, स्वतः भाजला, तिला बाहेर काढले. ११ मार्च १९५८ ला दोघांनी लग्न केले. त्याच वर्षी कार्लोव्ही व्हॅरीच्या महोत्सवात तिला उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला आणि सिनेमा ऑस्करच्या शेवटच्या पाचांत गेला.

लग्नानंतर तिने पडदा जवळजवळ सोडलाच. 'रात और दिन' मागाहून आला आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेला. मधल्या वर्षांत नवरा-बायको कलाकारांचे पथक घेऊन सीमेवरच्या जवानांकडे जात. मेंदूच्या पक्षाघाताने अपंग झालेल्या मुलांसाठी मुंबईत स्पॅस्टिक सोसायटी निघाली, तिची ती पहिली आश्रयदाती. १९८० साली राज्यसभेवर गेली. तिथे मात्र सत्यजित राय परदेशात देशाची गरिबी विकतात, अशी टीका तिने केली. जिने स्वतः राधा उभी केली तिने हे म्हणावे, याचे मला आजही नवल वाटते.

३ मे १९८१ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने ती गेली. 'रॉकी' लागायला चार दिवस उरले होते. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात तिचा दफनविधी झाला.

तिच्या नावाचे कर्करोग रुग्णालय सोलापूर जिल्ह्यात बार्शीला आहे. १९८७ साली टाटा रुग्णालयाच्या मदतीने देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथेच सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावोगावी माणसे फिरली, कुणाला कुठला कर्करोग झाला ते लिहून घेतले, आजाराची लक्षणे समजावून सांगितली. गर्भाशयमुखाचा कर्करोग अंगावर काढून अगदी अखेरीस येणाऱ्या बायका त्यानंतर लवकर तपासणीला येऊ लागल्या. याच रुग्णालयाच्या साथीने उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून अधिक खेडूत बायकांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदा जरी एचपीव्ही तपासणी झाली, तरी या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ साली त्यातून जगापुढे आले. त्या बायका ३० ते ५९ वयाच्या होत्या.