मैदान, सायकल आणि आपले शहर



गेल्या पालक सभेत एक सूचना पुढे आली. शाळा सुटताना फाटकासमोर मोटारी व स्कूटरींची गर्दी होते, रस्ता अडतो, शेजारच्या दुकानदारांची तक्रार येते. तेव्हा मैदानातील खो-खोच्या बाजूचा भाग वाहने उभी करण्यासाठी मोकळा करावा, अशी ती सूचना आहे. विश्वस्त मंडळ पुढील बैठकीत तिचा विचार करणार आहे. सूचना सद्‌हेतूने आलेली आहे आणि अडचणही खरी आहे. तरीही निर्णयापूर्वी आमचे म्हणणे आपणासमोर ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

आधी शहराविषयी थोडे. आपल्या इंदूरचा आनंद कशात आहे, असे बाहेरच्या पाहुण्याला विचारले तर तो काय सांगेल? राजवाड्यासमोरचा चौक, रंगपंचमीची गेर, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, रात्रीचा सराफा. यांतली एकही गोष्ट चार भिंतींच्या आतली नाही. सर्व काही रस्त्यावर, चौकात, लोकांमध्ये आहे. सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीचा व्यापार चालतो आणि दुकाने बंद झाली की त्याच गल्लीत भुट्ट्याचा कीस आणि गराडू मिळतात. एकच जागा दोन वेळा दोन कामांना येते. 2020 मध्ये छप्पन दुकानचा रस्ता नव्याने तयार झाला, तेव्हा वाहने बाहेर ठेवली गेली. आता तेथे म्हातारी माणसे व लहान मुले निवांत फिरतात.

ही समज आपल्या शहरात नवीन नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारास येथे बोलावले होते. इंदूरविषयीचा त्यांचा अहवाल 1918 मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढणे त्यांना मान्य नव्हते. आवश्यक तेवढेच पाडावे आणि मोकळ्या मिळालेल्या लहान जागांत झाडे, बाग, मुलांचे खेळ असावेत, असे ते सांगत. प्लेगच्या त्या काळात त्यांनी दिवाळीला एक मोठी मिरवणूकही काढली. ज्या मोहल्ल्यांनी आपली घरे व गल्ल्या सर्वांत स्वच्छ ठेवल्या असतील, तेथून मिरवणूक जाईल, असे आधी जाहीर केले होते. लोक झाडू घेऊन कामाला लागले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिकृती होती आणि सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत मानाने चालले होते. 2017 ते 2023 पर्यंत सलग सात वेळा आपण देशात स्वच्छतेत पहिले आलो, त्याचा अभिमान बाळगताना ही जुनी गोष्टही मुलांना ठाऊक असावी. शहर आपले वाटले की माणूस ते जपतो, आणि ते आपले वाटण्यासाठी त्यात पायी फिरावे लागते, खेळावे लागते.

खेळांचेही तसेच आहे. होळकर संघाने 1945-46 ते 1952-53 या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू त्या संघाचे नेतृत्व करीत. 1936 मध्ये परदेशात कसोटी शतक काढणारे पहिले भारतीय मुश्ताक अली हे याच शहरात जन्मले. नायडूंसारखा मोठा खेळाडू जवळच्या मैदानावर रोज दिसत असेल, तर मुलांना वेगळे प्रोत्साहन द्यावे लागत नाही.

आता आमच्या मैदानाचा हिशेब पाहू. खो-खोचे मैदान 27 मीटर लांब व 16 मीटर रुंद असते, म्हणजे 432 चौरस मीटर. एक मोटार उभी करण्यास, वळण्याच्या जागेसह, साधारण 25 चौरस मीटर लागतात. म्हणजे संपूर्ण खो-खोचे मैदान दिले तरी फक्त सतरा मोटारी उभ्या राहतील, त्याही अर्ध्या तासासाठी. उरलेला संपूर्ण दिवस ती जागा फरशी घालून तापत पडेल. फाटकासमोरची गर्दी सतरा मोटारींनी संपणार नाही, हे रोज पाहणाऱ्यास सांगायला नको.

उलट खो-खोला दोन खांबांशिवाय कोणतेही साहित्य लागत नाही. आठ मुले बसतात, नववा धावतो आणि समोर तीन खेळाडू चकवत असतात. सामान्य घरातले मूल आणि श्रीमंत घरातले मूल तेथे एकाच मातीत बसतात. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत भारत विजयी झाला. कोपऱ्यातला आमचा मल्लखांबही त्याच भागात आहे. मल्लखांब 2013 पासून मध्य प्रदेशाचा राज्य खेळ आहे. ज्या खेळाला शासनाने मान दिला, त्याचा खांब आपणच उपटावा काय?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. शिकवणी आणि मोबाईल यांच्या मध्ये ही 60 मिनिटे कुठून येणार? थोडी मैदानातून आणि थोडी सायकलीतून.

आमच्या लहानपणी ताशी किरायाने सायकल मिळत असे. पाय पुरत नसत म्हणून नळीच्या मधून पाय घालून चालवायचो, त्याला आम्ही कैंची म्हणत असू. गुडघे फुटले, पण शहराच्या गल्ल्या पाठ झाल्या. आज दोन किलोमीटरवर राहणारा विद्यार्थी संथ सायकलीने दहा-बारा मिनिटांत शाळेत पोहोचतो. पालक म्हणतात, रस्ते सुरक्षित नाहीत. ही काळजी रास्त आहे. पण भीतीने आपण मूल मोटारीतून आणतो, त्यामुळे मोटारी वाढतात आणि दुसऱ्या पालकाची भीती वाढते. हे चक्र कुठेतरी थांबवावे लागेल.

याच संदर्भात एक गंभीर गोष्ट. नववी-दहावीचे काही विद्यार्थी स्कूटरवर येतात व ती पलीकडच्या गल्लीत ठेवतात, हे आम्हास ठाऊक आहे. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक जबाबदार ठरतो. 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी, मूल सुखरूप घरी यावे यापेक्षा मोठे काय आहे?

म्हणून आमची विनंती अशी. मैदान तसेच राहू द्यावे. फाटकाच्या आतील भिंतीलगत सायकल स्टँड करावा. एका मोटारीच्या जागेत सुमारे दहा सायकली मावतात. मोटारीने येणाऱ्यांनी मुलास पुढच्या चौराह्यावर उतरवावे, तेथून फाटकापर्यंत आमचे शिक्षक पाळीपाळीने उभे राहतील. लहान व मोठ्या वर्गांची सुटी पंधरा मिनिटांच्या अंतराने करण्यास आम्ही तयार आहोत. सहावीपासूनच्या मुलांनी ब्रेक, घंटी, मागची लाल चकती तपासून आणि हेल्मेट घालून सायकल आणावी. पहिल्या आठवड्यात एखाद्या पालकाने सोबत यावे.

आणि मुलांनो, संध्याकाळी मैदान तुमचे आहे. साडेसहापर्यंत फाटक उघडे राहील. आई-बाबांनाही घेऊन या. त्यांनाही खो-खो येत असे, विचारून पाहा.

विश्वस्त मंडळ योग्य तो निर्णय घेईल, असा आम्हास विश्वास आहे. आपले मत लेखी स्वरूपात कार्यालयात अवश्य द्यावे.

आपली,
मुख्याध्यापिका