निवडीचा न्याय

आजचा विषय वरवर पाहता शाळाखात्याच्या नियमपुस्तिकेतला वाटेल. पाचवीतल्या मुलाला सहावीच्या निवडक शाळेत कोणत्या कसोटीवर घ्यावे, हा तो विषय. परंतु जेथे जागा ऐंशी आणि उमेदवार हजारोंनी असतात, तेथे हा प्रश्न केवळ व्यवस्थेचा उरत नाही. तो न्यायाचा होतो.

विवेचनासाठी आपल्या परिचयाचेच उदाहरण घेऊ. जवाहर नवोदय विद्यालयांचा आरंभ १९८५-८६ साली दोन शाळांनी झाला. एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही कल्पना पक्की केली. खेड्यातील हुशार मूल केवळ चांगली शाळा जवळ नाही म्हणून मागे राहू नये, हा तिचा हेतू. आज देशात अशी साडेसहाशेहून अधिक विद्यालये आहेत. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ऐंशी मुले घेतात. तेथील मुलांचे राहणे, जेवण, गणवेश व पुस्तके यांची व्यवस्था सरकार करते. शेतमजुराच्या घरी अशा जागेचे मोल काय, हे सांगावयास नको.

आता कसोटी पाहू. परीक्षा दोन तासांची, ऐंशी प्रश्नांची आणि शंभर गुणांची. त्यांतील निम्मे गुण बौद्धिक क्षमतेच्या प्रश्नांना. उरलेले अंकगणित आणि भाषा यांना समसमान. उत्तरे मुलाने आपल्या शिकण्याच्या भाषेत द्यावयाची. किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, किमान एकतृतीयांश मुलींसाठी. अनुसूचित जाती-जमातींसाठी जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि २०२१-२२ पासून इतर मागासवर्गीयांसाठी सत्तावीस टक्के. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका देऊन तिने स्वस्थता मानलेली नाही. मूल कोठून आले हेही तिने विचारले आहे.

तरीही तीन ठिकाणी प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न बौद्धिक क्षमतेचा. विसंगत आकृती ओळखा, आकृतीचा आरशातला आकार निवडा, असे हे प्रश्न असतात. यांत पुस्तकी पाठांतर लागत नाही, म्हणून ते सर्वांना सारखे, असा समज आहे. पण ज्याने अशा शेकडो आकृत्या आधी सोडविल्या आहेत आणि ज्याने परीक्षेच्या दिवशीच त्या प्रथम पाहिल्या, त्या दोघांची बुद्धी सारखी असली तरी गुण सारखे पडणार नाहीत. म्हणूनच शिकवण्या आणि मार्गदर्शिका यांचा बाजार उभा राहतो. ज्या घरी शिकवणीचे पैसे आहेत, त्या घरच्या मुलाची तयारी कसोटी मोजते आणि तिला बुद्धी म्हणते.

दुसरा प्रश्न ‘ग्रामीण’ या शब्दाचा. तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत शिकलेले मूल ते ग्रामीण; त्यांतला एक दिवसही शहरी शाळेत गेला, तर ते शहरी. नियम स्पष्ट आहे, आणि लबाडीला आळा घालण्यासाठी तो तसा असणे समजण्यासारखेही आहे. पण गावातल्या सधन बागायतदाराचा मुलगा ग्रामीण ठरतो, आणि तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या शाळेत जाणारी हमालाची मुलगी शहरी ठरते. ऊसतोडणी कामगारांची मुले पाहा. दिवाळीच्या सुमारास कुटुंब बीडहून निघते, ते कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात जाते. परीक्षा बहुधा गळीत हंगामाच्या महिन्यांतच येते. नियमाला मात्र प्रत्येक इयत्तेचे पूर्ण वर्ष हवे आणि पाचवीची शाळा त्याच जिल्ह्यातली हवी. ज्यांच्यासाठी वसतिगृह सर्वांत गरजेचे, तीच मुले अशी दारातून परत जातात.

तिसरा प्रश्न मोजमापाच्या अचूकतेचा. येथे इंग्लंडचा अनुभव उपयोगी आहे. १९४४ च्या कायद्यानंतर तेथे अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांना निरनिराळ्या शाळांत वाटले जाई. त्या कसोट्या तज्ज्ञांनी बनविलेल्या होत्या. एकाच वर्गात वयाने लहान असलेल्या मुलाला तोटा होऊ नये म्हणून गुणांत वयाचा हिशेबही धरला जाई. इतके करूनही १९५७ च्या पाहणीत असे दिसले की, दर दहांतील सुमारे एक मूल चुकीच्या शाळेत पडते. १९६५ साली सरकारनेच स्थानिक अधिकाऱ्यांना ही विभागणी सोडण्यास सांगितले; तरी तशा दीडशेहून अधिक शाळा तेथे आजही आहेत. बोध असा की, ऐंशीवे मूल आणि एक्क्याऐंशीवे मूल यांच्यातला अर्ध्या-एका गुणाचा फरक हा गुणवत्तेचा फरक नव्हे. आणि नवोदयला सहावीसाठी मुलाला दुसऱ्यांदा बसता येत नाही. नववीला रिकाम्या जागांपुरती परीक्षा असते, पण ती वाट अरुंद आहे.

मग परीक्षाच नको काय? परीक्षा काढून शिफारस आणली, तर दार वशिल्याला उघडेल; तो उपाय रोगाहून वाईट. उपाय साधे आहेत. सरावाचे साहित्य जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत फुकट पोहोचवावे आणि शाळेच्या वेळातच सराव घ्यावा. शाळेच्या जागेबरोबर घराची स्थितीही विचारावी. आईबाप शिकलेले नाहीत, ही गोष्ट गुणांइतकीच बोलकी आहे. स्थलांतरित मुलाला जेथे त्याचा मुक्काम असेल तेथे परीक्षा देता यावी. आणि सीमारेषेवरच्या मुलांना दुसरी संधी असावी.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सुधारणेने टळत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची चाळणी करण्यास मनाई केली, तरी नवोदयची निवड चालू राहिली, कारण चांगल्या जागा थोड्या आहेत. निवड कितीही निर्दोष केली तरी न निवडलेली मुले राहणारच. ती दुसऱ्या दिवशी ज्या शाळेत जातात, त्या शाळेत शिक्षक आहे काय, छप्पर गळते काय, वाचायला पुस्तके आहेत काय, हे विचारल्याखेरीज निवडीच्या न्यायाचा हिशेब पुरा होत नाही. ऐंशी मुलांना आपण काय दिले, याबरोबर उरलेल्या हजारोंना काय दिले, हेही आपल्याला सांगता आले पाहिजे.